चिंधी अजून निळीच

उपासनानं गॅरेजमधल्या कचऱ्याच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला आणि पिझ्झाच्या खोक्याखाली दडलेली चिंधी चिमटीत धरून वर काढली. बिस्किटाएवढी, चौकोनी, पांढऱ्या सुती कापडाची. मधोमध निळा डाग. शाईचा निळा नव्हे. मोराच्या मानेचा, किंचित हिरव्याकडे झुकलेला. तिनं ती नाकाशी नेली आणि झटकन लांब धरली. पार्लरमध्ये केस रंगवताना येतो तसला, डोळ्यांतून पाणी काढणारा वास.

कापड मात्र ओळखीचं होतं. पप्पांचं बनियन. या घरात बनियन कधी मरत नसे. त्याचं आधी गाडी पुसायचं फडकं होई, मग ओट्याचं, मग सिंकखालच्या पाइपाला गुंडाळायचं. पण असे मापात कापलेले चौकोन त्याचे कधी झाले नव्हते. शिवाय पप्पांना सरळ कापताच येत नसे. वाढदिवसाच्या भेटवस्तूचा कागदसुद्धा ते असा कापत, की जणू उंदरानं कुरतडलाय. या चिंधीच्या चारही कडा मात्र पट्टी लावून काढल्यासारख्या होत्या.

ती चिंधी घेऊन स्वयंपाकघरात गेली. आई हॉस्पिटलच्या लॅबमधली शनिवारची शिफ्ट संपवून नुकतीच आली होती आणि कोट न काढताच भात लावत होती.

"आई, हे काय आहे?"

सुमित्रानं मान वळवून पाहिलं. "नीळ असेल."

"आपल्याकडे नीळ आहे?"

"नाही."

"मग?"

"मग पेन फुटलं असेल. कचऱ्यात हात घातलास? जा, आधी धू ते हात."

साक्षीदारानं उत्तर टाळलं, असं उपासनानं मनात नोंदवलं.

मागच्या वर्षीची उपासना असती तर तिनं चिंधी डब्यात परत टाकली असती. मागच्या वर्षीची उपासना वर्गात मागच्या बाकावर बसायची, आणि मुलं तिला 'ऊप्स' म्हणाली की कानापर्यंत लाल व्हायची. या ऑगस्टमध्ये ती शाळेच्या मॉक ट्रायलच्या टीममध्ये गेली, खोट्या कोर्टात खऱ्यासारखी उभी राहिली, आणि कोलंबसच्या सगळ्यात भारी शाळेच्या साक्षीदाराला तिनं उलटतपासणीत असं घोळात घेतलं, की तो पाणी मागायला लागला. दुसऱ्या दिवशी तिनं टीमच्या हूडीवर पाठीमागे मोठ्या अक्षरांत स्वतःच 'ऊप्स' छापून घेतलं. तेव्हापासून ओहायोतल्या डब्लिनमधल्या त्या शांत गल्लीत, जिथे हरणं दिवसाढवळ्या येऊन लोकांची फुलझाडं खाऊन जात, तिथला प्रत्येक माणूस तिला पिंजऱ्यात उभा असल्यासारखा दिसू लागला होता. घरचे तर पहिले.

तिनं चिंधी हॉलमधल्या कॅरम बोर्डावर ठेवली. बोर्ड नवीन नव्हता, पण घरात नवीनच आला होता. नरेंद्रकाकांनी दिला. नरेंद्रकाका म्हणजे दोन गल्ल्या सोडून राहणारे रिटायर्ड डॉक्टर, मूळचे पुण्याचे, इथे इतकी वर्षं झालेले की मराठी मंडळ त्यांच्याच बेसमेंटमध्ये सुरू झालं. पप्पाही त्यांना काका म्हणत आणि उपासनाही. डब्लिनमध्ये वय कितीही वाढलं तरी माणूस काकाच राहतो. त्यांच्या बायकोनं, वसुधाकाकूनं, उपासनाला मराठी वाचायला शिकवलं होतं. आई सांगायची, मंडळात पहिल्यांदा गेलो तेव्हा आडनाव आणि गाव न विचारता ताटात आधी पुरणपोळी वाढणारी बाई ती एकच. काकू वसंतात गेली. त्यांचा मुलगा नील चार दिवस राहून लांब आपल्या गावी परतला, आणि त्यानंतर काकांनी घर आवरायला काढलं. कॅरम बोर्ड इथे आला. काकूनं आयसेलिनच्या देशी बाजारातून हौसेनं आणलेला पितळी वाट्यांचा सेट आईकडे आला. पप्पांच्या मनगटावर काकांचं घड्याळ आलं. आणि उपासनाच्या गळ्यात चक्क त्यांचा स्टेथोस्कोप.

"तुला डॉक्टर व्हायचं नाहीये, माहितीये मला," ते म्हणाले होते. "पण वकिलालाही ऐकावं लागतंच की."

तर पुरावा. शनिवारी आई लॅबमध्ये, ती प्रॅक्टिसला, पप्पा घरी एकटे. तरी संध्याकाळी सिंकमध्ये दोन कप. एकात दुधाची साय चिकटलेली, तो पप्पांचा. दुसऱ्यात तळाला लिंबाची बी. पप्पांनी, बुद्धभूषण नावाच्या माणसानं, उभ्या आयुष्यात लिंबाचा चहा प्यायला नव्हता. त्याला ते आजारी माणसाचा काढा म्हणत.

"पप्पा, कोण आलं होतं?"

"कुठं? कोणी नाही."

आणि हे म्हणताना ते फ्रिज उघडून आत बघत बसले, जणू उत्तर दह्याच्या डब्यामागे ठेवलंय.

पुढच्या शनिवारी ती प्रॅक्टिसहून लवकर आली. गॅरेजच्या आतल्या दाराला कडी होती. तिनं गळ्यातला स्टेथोस्कोप कानात घातला आणि त्याची चकती दारावर ठेवली. आधी नुसती सरसर ऐकू आली, काहीतरी लांबलचक काहीतरी अरुंदातून जाताना येते तशी. मग पप्पांचा आवाज, फोनवर, दबलेला.

"ब्रेक-इन चालू आहे म्हटलं. तोवर माझ्याकडेच राहील... नाही नाही, काही कळत नाही अजून... तू ये ना पण एकदा. प्लीज. तू आलास—"

पुढचं तिला ऐकू आलं नाही, कारण शेजारच्या घरात मॅच चालू होती, ओहायोनं टचडाऊन केला आणि अख्खी गल्ली ओरडली. ते 'आलास' होतं की 'आलीस'? तिनं डोळे मिटून तो आवाज पुन्हा पुन्हा आठवून पाहिला. सगळा खटला एका काना-वेलांटीवर येऊन अडकला. 'तू ये ना' हे तर बाईला म्हटलं की पुरुषाला, ब्रह्मदेवालाही कळणार नाही. आणि ब्रेक-इन? घरफोडी? तिचे पप्पा, जे लायब्ररीचं पुस्तक एक दिवस उशिरा दिलं तर तिथल्या बाईंची माफी मागतात?

घरफोडी नसणार. पण लिंबाची बी होती.

त्या रविवारी त्यांच्याकडे बुद्धवंदना होती. चार-पाच घरची माणसं बेसमेंटमध्ये पांढऱ्या कपड्यांत बसली, मेणबत्त्या लागल्या, आणि पप्पांनी नेहमीप्रमाणे त्रिशरण सांगून पंचशीलाला सुरुवात केली. ते एक ओळ म्हणत, मागून सगळे. उपासनानं हात जोडले, पण एक डोळा उघडा ठेवला. पहिलं शील, जीवहिंसा न करण्याचं, सरळ गेलं. दुसरं, चोरीचं, सरळ. तिसरं आलं तेव्हा तिनं दुसराही डोळा उघडला, कारण तिसरं व्यभिचाराचं. पप्पांनी ते असं म्हटलं की जणू बसची वेळ सांगतायत. आवाज हलला नाही, पापणी लवली नाही. तिनं सुटकेचा श्वास घ्यायला तोंड उघडलं.

"मुसावादा..." पप्पा म्हणाले, आणि त्यांना ठसका लागला.

शेजारी बसलेल्या रवीकाकांनी पाण्याचा ग्लास पुढे केला. पप्पा प्यायले. मग 'वेरमणी'पासूनचं त्यांनी इतक्या हळू म्हटलं, की मागच्या रांगेतल्यांनी अंदाजानंच री ओढली.

चौथं शील. खोटं न बोलण्याचं.

पंधरवड्यानं कोच आजारी पडला आणि प्रॅक्टिस अर्ध्यात सुटली. उपासना मैत्रिणीच्या गाडीतून कोपऱ्यावर उतरली आणि पाऊल न वाजवता गॅरेजच्या बाजूच्या दारानं आत शिरली. ते दार पप्पा नेहमी विसरत.

टेबलावर, दोन लाकडी खाचांत आडवी ठेवलेली, एक रायफल होती.

खरीखुरी. तपकिरी दस्ता, काळी निळसर नळी, नव्या बुटासारखी चकचकीत. पप्पा त्या नळीत मागच्या बाजूनं एक लांब सळई सरकवत होते.

"पप्पा!"

ते दचकले. पण त्यांचा हात आधी टेबलाच्या पलीकडे गेला आणि त्यांनी एक पोलादी दांडा उचलून तिला दाखवला.

"हा बोल्ट. काढलेला आहे. याच्याशिवाय ती नुसती नळी आहे. आणि गोळी या घरात एकही नाही. घाबरू नको."

"मी घाबरले नाहीये! आय ॲम फ्युरियस! कोणाची आहे ही?"

पप्पांनी सळई बाहेर ओढली. टोकाला निळी चिंधी होती. ती त्यांनी सावकाश काढली, घडी केली, बाजूला ठेवली.

"माझी," ते म्हणाले.

"का?"

"डिसेंबरात हरणांचा सीझन असतो. ऑफिसातली माणसं जातात. म्हटलं, आपणही..."

"तुम्ही? पप्पा, तुम्ही बाथरूममधला कोळी ग्लासात पकडून बाहेर सोडता! आणि सोडताना त्याला 'जा बाबा' म्हणता!"

"हो. म्हणतो."

"आणि हरीण मारणार."

"बघू."

"ऑरेंज जॅकेट कुठाय?"

"घेईन."

"लायसन्स?"

"काढीन ना."

"कोणाबरोबर जाणार? नाव सांगा."

पप्पांनी छताकडे पाहिलं. "केविन."

"केविन व्हीगन आहे, पप्पा. पॉटलकला टोफू आणला होता त्यानं. तुम्हीच दोनदा घेतलात, त्याला वाईट वाटू नये म्हणून."

पप्पांच्या ओठांचा कोपरा हलला. हसू आलं होतं, पण त्यांनी ते परत आत ढकललं. उपासनाला त्या दाबलेल्या हसण्याचाच जास्त राग आला.

"फोनवर ब्रेक-इन ब्रेक-इन म्हणत होतात ते हे का?"

"तू ऐकत होतीस?"

"स्टेथोस्कोपनं."

यावर ते खुर्चीत बसलेच. मग शाळेत विज्ञान समजावतात तसं त्यांनी समजावलं. नव्या नळीच्या आत मशीनचे बारीक ओरखडे असतात. गोळी जाताना त्यांवर तांबं सोडून जाते. म्हणून नवी नळी आधी सवयीची करावी लागते. रेंजवर जाऊन एक गोळी झाडायची, घरी आणून औषधाच्या चिंधीनं नळी पुसायची. तांबं असलं की चिंधी निळी येते. पांढरी आली की मगच पुढची गोळी.

"आता कितवी गोळी?"

"पहिलीच."

"पहिलीच? अख्खा ऑक्टोबर गेला पप्पा!"

"निळं जातच नाही ना," पप्पा म्हणाले.

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. उलट, उद्या ऊन आहे म्हणे, असं सांगावं तसे ते म्हणाले. उपासनानं तेही नोंदवलं. टेबलाशी दुसरी खुर्ची होती. तिच्यासमोर लिंबाच्या चहाचा कप, अजून कोमट.

"आणि हा कोणाचा?"

"उपासना. पुरे."

घरात तिला सगळे उपा म्हणत. पूर्ण नाव फक्त पासपोर्टवर आणि भांडणात. ती पाय आपटत आत गेली आणि आई लॅबमधून येईपर्यंत दाराशी उभी राहिली.

"आई, पप्पांनी रायफल घेतलीय."

सुमित्रा बूट काढत होती. ती थांबली नाही. "मला माहीत आहे."

"आणि ते खोटं बोलतायत!"

"तू त्यात पडू नको, उपा."

"का पण? मला का नाही सांगत कोणी?"

"कारण तुझ्या पोटात काही राहत नाही, बाळा." हे आई प्रेमानंच म्हणाली, पण उपासनाला ते गालावर बसल्यासारखं झालं. आणि वाईट म्हणजे ते खोटं नव्हतं. तिच्या मावसबहिणीचं लग्न ठरल्याची बातमी नागपुरात पोचायच्या आधी इन्स्टावर पोचली होती, ती तिच्याचमुळे.

म्हणजे दोघंही सामील. आता तर तिला सोडवेना. पप्पांच्या एका वाक्यावर सगळं उभं होतं: निळं जातच नाही. ते वाक्य पाडलं की बाकीचं आपोआप कोसळेल आणि त्यांना खरं सांगावंच लागेल.

वाक्य पाडायचं हत्यार तिला ताकात सापडलं. बुधवारी जेवताना तिनं काकूच्या सेटमधली एक पितळी वाटी घेऊन तीत ताक ओतलं, अर्धं प्यायली आणि वाटी ओट्यावर विसरली. सकाळी आईचा आवाज वरच्या मजल्यापर्यंत आला.

"कोणी ठेवलं हे? कळकलं ना सगळं!"

"कळकळ?" उपासना डोळे चोळत खाली आली.

"कळकळ नाही गं, ती वेगळी. हे कळकलं. कल्हई नसलेल्या पितळेत आंबट ठेवलं की असं होतं. बघ."

वाटीच्या आत, ताकाची रेघ होती तिथे, एक कडं उमटलं होतं. मोराच्या मानेचं. किंचित हिरव्याकडे झुकलेलं.

उपासनानं वाटी उजेडात धरली. तिला आठवलं, पप्पांच्या सळईच्या टोकाला, जिथे चिंधी अडकवतात तिथे, बोटाच्या पेराएवढा एक तुकडा होता. पिवळा. चकचकीत. पितळी. म्हणजे निळं नळीतून येतच नव्हतं. औषध त्या टोकालाच खात होतं. नळी पुसायच्या आधीच चिंधी कळकत होती, आणि पितळेचं ते टोक असेतोवर कळकतच राहणार होती.

"आई, यू आर अ जीनियस," ती म्हणाली आणि आईच्या गालाचा मुका घेऊन शाळेला पळाली.

थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी तिनं प्रॅक्टिसला दांडी मारली. पप्पा गॅरेजमध्ये रायफल खाचांत ठेवत होते, तिला पाहून घुटमळले.

"आज नाही गेलीस?"

"मला शिकायचंय हे. तुमची असिस्टंट."

पप्पांनी घड्याळ पाहिलं, काकांचं. मग बोल्ट खिशात टाकला. "बस. मी चहा टाकून येतो. कशाला हात लावू नको."

ते आत जाताच तिनं हात लावला. रायफलला नाही, साफसफाईच्या सामानाच्या खोक्याला. पितळेच्या बदल्यात लावायचं टोक त्यात नव्हतं. ते तिला स्क्रूंच्या डब्यामागे सापडलं: प्लॅस्टिकचं टोक, कार्डावर, पाकीट न फोडलेलं. तिनं ओठ चावले. बिचारे पप्पा. सामानातच होतं आणि त्यांना कळलंसुद्धा नाही. पण मग ते खोक्यातून निघून स्क्रूंच्या मागे कसं गेलं, हा प्रश्न तिला पडला नाही. विजय समोर दिसत असला की असले प्रश्न पडत नाहीत.

तिनं पितळी टोक काढलं, प्लॅस्टिकचं बसवलं, चिंधी औषधात भिजवून सळई पप्पांसारखीच मागून पुढे सरकवली. जरा थांबली. कोरडी चिंधी घातली. ती दुसऱ्या टोकानं बाहेर आली.

पांढरी. दुधासारखी.

नळी केव्हाच साफ झालेली होती.

तिनं चिंधी मुठीत धरली आणि जागच्या जागी एक गिरकी घेतली. गिरकी पूर्ण होते तोच बाजूचं दार उघडलं आणि नरेंद्रकाका आत आले. डोक्यात लोकरी टोपी, हातात काही नाही.

"अरे वा. वकीलबाई आज घरी."

ते सरळ जाऊन दुसऱ्या खुर्चीत बसले. टोपी काढून त्यांनी ती खुर्चीच्या पाठीला अडकवली, न बघता, तिथे खुंटी असल्यासारखी. तेवढ्यात पप्पा ट्रे घेऊन आले. दोन कप. एकात लिंबाची फोड तरंगत होती.

उपासनाला हसू फुटणार होतं. लिंबाच्या बीवरून तिनं केवढी बाई उभी केली होती! ती पांढरी चिंधी नाचवत पुढे झाली. "काका, गुड न्यूज—"

"काय बुद्धभूषण," काका पप्पांना म्हणाले, "झाली का माझी बंदूक?"

माझी.

"पाहतोय, काका," पप्पा म्हणाले.

"आता देऊनच टाक. नीलचा फोन आला काल. थँक्सगिव्हिंगला नाही जमत म्हणाला. तू सांगितलंस ना त्याला यायला? असो, बरंच झालं म्हणा. घर सगळं आवरून झालंय. ही एक तेवढी राहिलीय."

काका हे अगदी स्वच्छ आवाजात म्हणाले, पेशंटला घरी सोडताना डॉक्टर बोलतात तसे. पप्पांच्या हातातल्या ट्रेवर लिंबाचा चहा हिंदकळला आणि बशीत सांडला.

उपासनाचा हात अर्ध्यात थांबला. काका मंडळाच्या पिकनिकला मक्याचं कणीससुद्धा चिकनच्या जाळीवर भाजू देत नसत. त्यांना रायफल. आणि मग एकेक गोष्ट आपल्या जागेवरून उठून तिच्यासमोर येऊन उभी राहिली. पप्पांच्या मनगटावरचं घड्याळ. हॉलमधला बोर्ड. ओट्यावरच्या वाट्या. स्वतःच्या गळ्यातला स्टेथोस्कोप, जो तिला एकदम जड लागला. आवरून झालंय. ती रायफल कुठल्याच हरणासाठी नव्हती. तिनं पप्पांकडे पाहिलं. पप्पा तिच्या मुठीकडे पाहत होते. कोर्टात तिनं घाबरलेले साक्षीदार पाहिले होते, पण असं विनवणारं तोंड पाहिलं नव्हतं.

"गुड न्यूज काय?" काका वळले.

"गुड न्यूज अशी की..." ती म्हणाली, "मी आजपासून पप्पांची असिस्टंट. बॅड न्यूज बघून सांगते. एक मिनिट हं."

ती टेबलाकडे पाठ फिरवून उभी राहिली. 'ऊप्स' ही अक्षरं काकांच्या तोंडासमोर आली. प्लॅस्टिकचं टोक तिनं फिरवून काढलं आणि पांढऱ्या चिंधीसकट हूडीच्या खिशात सोडलं. पितळेचं बसवलं. नवी चिंधी घेऊन ती औषधात चांगली निथळेपर्यंत बुडवली. सळई आत सरकवली आणि मनात वंदनेची एक ओळ म्हणत थांबली, चौथी. मग ओढली.

"अजून निळीच येतेय, काका," ती म्हणाली. तिला ठसका लागला नाही.

"आण इकडे."

काकांनी चिंधी घेतली आणि दारातून येणाऱ्या नोव्हेंबरच्या फिक्या उन्हात धरली. उलटी केली. वास घेतला. मग त्यांची नजर सळईच्या टोकावर गेली, तिथून उपासनाच्या हूडीच्या खिशावर, तिथून बशीतला चहा पुसत बसलेल्या पप्पांवर, जे पुसून झालेली बशी पुन्हा पुसत होते.

"कळकलंय," काका म्हणाले.

 बाहेर कुणीतरी पानं उडवायचं मशीन चालू केलं आणि बंद केलं.

"वसुधानं त्या वाट्या आणल्या ना आयसेलिनहून, तेव्हा मी म्हटलं होतं, इथं कल्हई कोण करून देणार? तर म्हणाली, नसू दे. आंबट नाही वाढायचं त्यात, एवढंच." त्यांनी चिंधीची घडी केली आणि ती हातातच ठेवली. "पहिल्या शनिवारीच आठवलं मला ते."

पप्पांचा हात बशीवर थांबला.

काकांनी कप उचलला, फुंकर घातली, एक घोट घेतला. "लिंबू जास्त झालंय," ते म्हणाले. आणि जरा वेळानं, "मग? पुढच्या शनिवारी?"

"पुढच्या शनिवारी," पप्पा म्हणाले.

"गुरुवारी थँक्सगिव्हिंगला आमच्याकडे जेवायला या ना काका," उपासना म्हणाली. "आई टर्कीऐवजी वांग्याचं भरीत करते. केविनकाका पण येणार आहेत."

केविनला हे अजून कोणी सांगितलेलं नव्हतं.

"तो टोफूवाला?" काकांनी विचारलं. "येईन. बघू. येईन."

त्यांनी टेबलावरचं बनियन स्वतःकडे ओढलं, मांडीवर पसरून तळहातानं सुरकुत्या काढल्या आणि कात्री घेतली. जखमेसाठी गॉझ कापावं तसा पहिला चौकोन त्यांनी कापला. चारही कडा सरळ. मग दुसरा. मग त्यांनी चष्म्यावरून उपासनाकडे पाहिलं.

"एवढ्या पुरतील का गं?"

"नाही काका," ती म्हणाली. "अजून कापा."